कुंकू लावलेलं स्टेअरिंग

देवाने जग घडवलं खरं, पण त्याला स्टेअरिंग बसवायचं राहून गेलं आणि ती चूक निस्तरायला त्याने माझ्या आत्याला खाली पाठवलं, अशी आमच्या घराण्याची समजूत आहे. मला ती पूर्ण मान्य आहे. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. सत्तरी कधीच मागे पडली. नेसणं काष्ट्याचं, अंबाड्यात अबोली आणि कमरेला किल्ल्यांच्या जुडग्याऐवजी खोचलेला पाना. करंजाड्यात आज आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी आमचं भात पिकायचं, आणि आत्याची पांढरी जुनी गाडी जिथे उभी असते ती जागा म्हणे तिच्या लाडक्या खाचराची. सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा गाडी दुसरीकडे लावायला सांगितली. आत्या म्हणाली, "हितं मी चिखलात उभी राहून लावणी केलेय. तू काय लावलास? बोर्ड!" तेव्हापासून सेक्रेटरी गाडीलासुद्धा नमस्कार करून जातो.

गाडी मुळात आतोबांची. भला माणूस, पण त्यांना गाडी फक्त पुढे नेता यायची. जासईला पाहुण्यांकडे गेले की गाडी वळवून देणारा कोणी भेटेपर्यंत मुक्काम. एकदा आत्याच कंटाळून म्हणाली, "तुमी सरका जरा." आतोबा सरकले, आणि उरलेलं आयुष्य शेजारच्या सीटवर पान खात मजेत राहिले. आत्याला मात्र त्या चाकात जगाचं कोडं उलगडलं. माणूस चाक कसं धरतो यावरून ती त्याची पत्रिका मांडते. मी नवीन गाडी घेतली, पॉवर स्टेअरिंगची. तिने ते एका बोटाने फिरवून पाहिलं आणि किल्ली माझ्या हातात परत ठेवली. "ही गाडी नाय, पंखा हाय." माझ्या लेकीसाठी उरणचं स्थळ आलं तेव्हा पत्रिका जुळून, याद्या होऊनही आत्याचा होकार बाकी होता. मुलाला गाडीत घालून ती पळस्प्यापर्यंत घेऊन गेली आणि येताना चाक त्याच्या हाती दिलं. घामाघूम होऊन तो उतरला. आत्या म्हणाली, "हात घट्ट नायत, पन खोटे नायत. चालेल." एवढा आनंद त्या मुलाला नोकरी लागल्यावरही झाला नसेल.

आमच्या घराची एक रीत आहे. या घरातली लेक सासरी जाते ती याच गाडीतून, आणि चाकावर आत्याच. वाटेत ती नवरीला एका शब्दाचा उपदेश करत नाही. पुढे बघून गाडी चालवते, बस. माझ्या बहिणी सांगतात की त्या दिवशी धीर आला तो त्या गप्प पाठीकडे बघूनच.

यंदा लेकीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं आणि नेमकं गाडीचं स्टेअरिंग ढिलं झालं. चाक वीतभर फिरवावं तेव्हा कुठे खाली टायरांना बातमी पोचायची. सरळ रस्त्यावर गाडी लग्नातल्या बँडवाल्यांसारखी डोलत चालायची. धाकट्या भावाने जाहीर केलं की दिवाळी झाली की गाडी भंगारात. भंगारवाला येऊन बघूनही गेला, आणि आत्याने त्याला चहासुद्धा विचारला नाही. लेक म्हणाली, "बाबा, मी दुसऱ्या गाडीत बसणार नाही." पण उरणची वाट म्हणजे कंटेनरच्या ट्रेलरांची रांग, त्यात असं स्टेअरिंग. मी बाप, माझ्या काळजाचं लग्गेच पाणी झालं. शेवटी मीच निवाडा दिला. लग्नाआधी स्टेअरिंग नीट झालं तर नवरी या गाडीतून, नाहीतर नवरी भाड्याच्या गाडीतून आणि ही भंगारात. आत्या एवढंच म्हणाली, "बगते."

पनवेलच्या गॅरेजवाल्यांनी हात वर केले. मग आत्याने स्वतःच गाडीखालून स्टेअरिंगचा बॉक्स उतरवला, पार्किंगमध्ये गोणपाट अंथरलं आणि बॉक्सचा एकेक भाग रॉकेलमध्ये धुऊन मांडून ठेवला. जुन्या बाजारात हिंडून बेअरिंगं आणली. या बॉक्सच्या दांड्यावर एक लोखंडी हात बसतो. त्या हातानेच पुढची टायरं वळतात, आणि तो काढला तर परत त्याच दात्यांवर बसवावा लागतो. मेकॅनिक त्यासाठी छिन्नीची खूण करतात. आत्या लोखंडावर घाव घालत नाही. तिने तेलात कुंकू कालवलं आणि जुळवायची खूण म्हणून एक ठिपका दांड्याला, एक त्या लोखंडी हाताला लावला.

आणि मग दसरा आला. सकाळी माझी आई पूजेचं ताट घेऊन खाली उतरली. तिने गाड्यांना हार घातले, पान्यांना अक्षता वाहिल्या, आणि गोणपाटावर नजर जाताच तिचा जीव कळवळला. तिने यच्चयावत सगळ्या भागांना, दात्यादात्याला, हळदीकुंकू लावलं.

गाडीखालच्या अंधारात आत्याने पहिल्या दिसलेल्या कुंकवाला कुंकू जुळवून बॉक्स बसवला आणि गाडी काढली. गाडी उजवीकडे झक्क वळायची. डावीकडे मात्र अर्ध्यातच अडायची. आमच्या गेटमधून परत आत यायचं तर डावीकडेच वळावं लागतं. आत्या हार मानते थोडीच! उजवीकडे, उजवीकडे, पुन्हा उजवीकडे करत तिने सगळं करंजाडे पालथं घातलं. चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. भावाने मुकाट्याने भंगारवाल्याचा नंबर काढला.

बॉक्स पुन्हा खाली आला तेव्हा आत्याला ते लालपिवळे दाते दिसले. "वयनी, ह्ये कोनी केलं?"

"मीच की," आई अभिमानाने म्हणाली. "तुमी दोघांनाच कुंकू लावलेलं, वन्सं. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

देवाच्या नावाने झालेल्या गोष्टीवर ओरडणार कसं? चिंधीने एक दाता पुसत आत्या म्हणाली, "हळद तरी कमी लावायची."

मग तिने माझ्या लेकीला हाक मारली आणि चाकावर बसवलं. लोखंडी हात सोडवून ठेवलेला. लेकीने स्टेअरिंग हलकेच डावीकडे टोकापर्यंत नेलं, मग मोठ्याने फेरे मोजत उजवीकडच्या टोकाला, आणि तिथून बरोब्बर निम्मं मागे आणलं. "हां, ह्यो मध्य," खालून आवाज आला. पुढची टायरं सरळ करून आत्याने हात त्या जागी बसवला. त्यानंतर बॉक्सवरचा स्क्रू जरासा पिळायचा आणि विचारायचं, "आता कसा लागतो तुझ्या हाताला?" जड, म्हटलं की थोडा सैल. हलका, म्हटलं की थोडा घट्ट. एवढं लेकीला कशाला विचारते, असं मला वाटलं.

पळस्प्याच्या वाटेवर परीक्षा झाली. मी शेजारी, भाऊ मागे. मोकळा रस्ता बघून आत्याने दोन्ही हात चाकावरून क्षणभर वर उचलले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी नांगराच्या तासासारखी सरळ चालली होती, आणि आत्या आरशात भावाकडे बघत होती. त्याने भंगारवाल्याचा नंबर तिथेच पुसून टाकला. माझी छाती अशी फुगली की जणू बॉक्स मीच उघडला होता.

लग्न लागलं, जेवणं झाली, निघायची वेळ झाली. आत्याने गाडीची किल्ली काढली आणि शालूतल्या माझ्या लेकीच्या हातात ठेवली. "तुझ्याच हाताच्या मापानं बसवलाय. माझ्या मनगटांना आता वळनं झेपत नायत." लेकीने मुंडावळ्या मागे सारल्या आणि चाकावर बसली. जावई शेजारी, आतोबांच्या सीटवर. पाठराखीण म्हणून आत्या मागे बसली आणि तिने मला दंडाला धरून आत ओढलं.

जासईला ट्रेलरांची रांग लागली. लेक शांतपणे गाडी काढत होती, आत्यासारखीच, एक शब्द न बोलता. मला रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता, दोन्ही एकदमच. तेवढ्यात माझं लक्ष आत्याच्या मांडीकडे गेलं. तिचे दोन्ही रिकामे हात वळण आलं की वळत होते, लेकीच्या हातांच्या थोडे आधीच, आणि सरळ रस्ता आला की निवांत पडून राहत होते. मी त्यातला एक हळूच माझ्या हातात घेतला.

"सोड रे," ती पुढे बघतच म्हणाली. "वळन येतंय."