एका नंबरावर एक माणूस

त्याने फळ्यावरची माझी आकृती तळहाताने पुसली. डस्टर शेजारीच होता. तो उचलण्याइतकाही मान त्याने तिला दिला नाही.

आकृती साधी होती. दोन चौकोन. एकात ‘माणूस’, दुसऱ्यात ‘फोन नंबर’, मध्ये रेघ. एका नंबरावर अनेक माणसे असू शकतात, एवढेच ती सांगत होती. कामगार वस्त्यांतल्या दवाखान्यांच्या एका साखळीसाठी आम्ही रुग्णांच्या नोंदींची रचना करत होतो. कोणती माहिती कशाला जोडायची, हे ठरवणे माझे काम. आयुष्यभर हेच केले. आमचा प्रमुख पुण्याचा, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याला फोन नंबर हीच रुग्णाची ओळख हवी होती. एक नंबर, एक माणूस. सुटसुटीत.

“अंकल, आज बेंगळुरात फोन नसलेला माणूस दाखवा मला.”

“माझी बहीण,” मी म्हणालो. “इथल्याच पीण्या औद्योगिक वसाहतीत राहते. ती आणि तिची सून, दोघींत एक फोन.”

“मग बहिणीला फोन घेऊन द्या ना. तिच्यासाठी मी नोंदींचं आणखी एक टेबल का वाढवू?”

खोली हसली. मागून कोणीतरी माझी नक्कल केली, “स्वल्प ॲडजस्ट करा, अंकल.” पुन्हा हसू. आमच्या कित्येक पिढ्या या शहरात गेल्या. आमच्या मराठीत कन्नड मिसळले आहे. त्यांची ती रोजची करमणूक होती. मी म्हणालो, माझा अनुभव असा आहे की... त्याने वाक्य पुरे होऊ दिले नाही.

“अनुभव म्हणजे जुन्या सवयी, अंकल.”

नव्हे. अनुभव म्हणजे खुर्चीत काढलेली वर्षेही नव्हेत. माझे वडील लेथवर काम करत. आमच्या घरात छत्री एक होती. ज्याला लांब जायचे, तिच्यावर त्या दिवशी त्याचा हक्क. आमच्याकडे वस्तू घरागणिक असत. त्याच्याकडे माणसागणिक. मी चौकोन काढतो तेव्हा मला ती छत्री दिसते. त्याला दिसणे शक्य नव्हते, हा त्याचा गुन्हा नव्हे. दाखवल्यावर त्याने ती पुसली, हा त्याचा गुन्हा.

त्याच संध्याकाळी मी त्याला आणि त्याच्या वरिष्ठांना लेखी हरकत पाठवली. धोका कोणाला, कसा, टाळायचा कसा. परिच्छेदांना क्रमांक घालून. उत्तर आले: “नोंद घेतली. पुढे जाऊ.”

पुढे गेले.

अक्काला, माझ्या त्या बहिणीला, पेनिसिलिन चालत नसे. तरुणपणी एकदा त्यापायी मरता मरता वाचली होती. नव्या पद्धतीच्या दवाखान्यात तिने पहिल्याच भेटीत ते सांगितले आणि नोंदवून घेतले गेले. मग मला, धाकट्या भावाला, म्हणाली, “तम्मा, सगळं कंप्यूटरात घातलं हं त्यांनी. तुझाच ना तो?”

“दर वेळी तोंडानंही सांग, अक्का.”

“बघा. स्वतःच्या कामावर ह्याचा भरवसा नाही,” म्हणून ती हसली.

नंतर सून गरोदर राहिली. तपासणीला गेली. तोच नंबर, म्हणून अक्काचीच नोंद उघडली. नोंदणीच्या मुलीने नाव बदलले. कंप्यूटरचा पडदा त्या नंबरावर दुसरी नोंद उघडू देत नव्हता. डॉक्टरने विचारले, पेनिसिलिनचा त्रास होतो? सून म्हणाली, नाही. त्याने ती ओळ काढून टाकली. दोघे खरे बोलले. दोघांनी नीट काम केले.

पुढे अक्काच्या पायाची जखम चिघळली. सून तिला घेऊन गेली. पुन्हा तोच नंबर, तीच नोंद. डॉक्टरने पडदा पाहिला: ॲलर्जी नाही. अक्काने या वेळी पेनिसिलिनचे तोंडाने सांगितले नाही. सासूला ‘अत्ते’ म्हणणारी सून नंतर रडत मला म्हणाली, “मामा, सुई घेताना अत्ते डॉक्टरला म्हणत होत्या, आमच्या तम्माचा कंप्यूटर आहे हा.”

दवाखान्यातून ती घरी आली नाही.

तेराव्यानंतर मी कामावर गेलो. प्रमुखाने मला आपल्या खोलीत बसवले, दार लावून घेतले. या वेळी आवाज मऊ होता. त्याच्यापुढे चौकशीचा अहवाल होता. निष्कर्ष: नोंदणी कर्मचाऱ्याची चूक.

“खूप वाईट झालं, अंकल. पण रचनेत दोष नव्हता, एवढं तुम्ही सही करून सांगितलंत तर वजन येईल. तुमचा अनुभव मोठा.”

त्या दिवशी माझ्या अनुभवाला प्रथमच वजन आले. त्या मुलीच्या गळ्यात बांधण्यापुरते.

मी म्हणालो, “ती मुलगी तुमच्या रचनेने दिलेल्या एकाच दारातून आत गेली. दुसरे दार मी फळ्यावर काढून दाखवले होते. तुम्ही ते हाताने पुसले.”

“तुम्ही इमोशनल झाला आहात.”

“झालो आहे. आणि तुम्हाला आधी लेखी कळवलेले आहे. आता अज्ञान हा बचाव तुम्हाला उरलेला नाही.”

अहवालावर मी सही केली नाही. ग्राहक आयोगापुढे अक्काचा मुलगा, माझा भाचा, तक्रारदार आहे आणि मी साक्षीदार, माझ्याच कंपनीविरुद्ध. नोकरी गेली. वकील म्हणतात, उलटतपासणीत ते विचारतील की मृत स्त्री तुमची बहीण होती ना, म्हणून बोलता? विचारोत. ती जिवंत असतानाही मी हेच बोललो होतो. तेव्हा खोली हसली होती.

अक्का परत येणार नाही. निकाल कसाही लागो, तिने माझ्यावर ठेवलेला भरवसा मला आता फेडता येणार नाही. हे ओझे मी उतरवून ठेवू इच्छितही नाही.

साक्षीच्या दिवशी मी फळा मागणार आहे. नाही मिळाला तर कागद. त्यावर तेच दोन चौकोन काढीन, तीच रेघ ओढीन. ज्याला पुसायचे असेल त्याने सर्वांसमक्ष पुसावे, आणि खाली स्वतःचे नाव लिहून सही करावी.