योकामेचा काटा

पांगुतीच्या धावपट्टीवर माणसाला आधी वजन विचारतात, नावगाव मागाहून. आणि विचारते योकामे. विचारते म्हणजे काय, कॉफीची पोती तोलायच्या काट्याला झोळीचा पाळणा बांधलाय, त्यात बसवते आणि साऱ्या गावादेखत लटकवते. थोरामोठ्यांचे पाय हवेत लोंबकळताना बघायला पोरंसोरं लवकर उठून येतात.

पट्टी तरी केवढी, चारशे तीस मीटर. डोंगराच्या मांडीवर गवताचं धोतर वाळत घालावं तशी, आणि तीही उताराची. विमान चढाकडे तोंड करून उतरतं. जाताना उताराला लागतं ते गवत संपेपर्यंत, आणि तिथून थेट नदीच्या घळीत उडी टाकतं. तोवर त्याला उडता आलं तर उडालं. म्हणून वजन.

योकामेने एकोणीस वर्षं हा काटा सांभाळला होता. आदल्या दिवशी ती सगळ्यांना तोलायची आणि रेडिओवरून आकडे शहराला कळवायची. तिकडे कॅप्टन त्या हिशेबाने इंधन भरायचा. एकदा तिने पाद्रीबाबांच्या खिशातून प्रार्थनेची चार पुस्तकं काढायला लावली होती. "देवाचा शब्द आहे गं, त्याला कसलं वजन?" ते म्हणाले. "सव्वा किलो," योकामे म्हणाली. ती स्वतः मात्र कधी विमानात बसली नव्हती. कुणी टोकलंच तर म्हणायची, "मी बसले तर मला तोलणार कोण?"

त्या बुधवारी विमानात तिची भाची जाणार होती. डेल्मा, थोरल्या भावाची मुलगी, नर्सिंगच्या शाळेत निवड झालेली, खोऱ्यातली पहिलीच. त्याच दिवशी दुपारी चारच्या आत शहरातल्या शाळेत हजर झाली तर जागा तिची, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीची. पुढचं विमान दोन आठवड्यांनी. चालत गेलं तर आठ दिवस.

सकाळी साडेसातला दोन पंख्यांचं विमान पट्टी चढून आलं, वर येऊन वळून उभं राहिलं. कॅप्टन टोवुए खाली उतरला. किनाऱ्याकडचा माणूस, डोंगरातल्या थंडीने कायम कुरकुरणारा. त्याने आधी परतीच्या वाटेवरच्या खिंडीकडे पाहिलं.

"मावशी, ढग दाराशी येऊन बसलाय. अर्धा तास. त्यानंतर मी इथेच राहतो आणि तुमची रताळी खातो."

"पाच मिनिटांत सोडते तुला," योकामे म्हणाली आणि वळली.

समोरून डेल्मा येत होती. येत होती म्हणजे, झोळ्यांचा एक ढीग येत होता आणि त्याखालून डेल्माचे पाय दिसत होते. खोरं सोडून जाणाऱ्याच्या गळ्यात प्रत्येक घरची बाई नवी विणलेली झोळी घालते, आणि रिकामी झोळी कोण घालतं? कुणी रताळी, कुणी अळकुड्या, कुणी भाजकी केळी. शिवाय रात्रभर घरोघरी तिला हाताने भरवलेलं. उपाशी गेलेलं माणूस परत येत नाही म्हणतात, त्यामुळे नको म्हणायची सोय नाही.

योकामेने काट्याकडे बोट दाखवलं. "बस पाळण्यात."

"आत्या, काल तोललंस की."

"बस म्हणते ना."

काटा कुरकुरला. काल एकोणपन्नास, आज अठ्ठावन्न. गर्दीत एक कौतुकाचा हुंकार उठला, जत्रेत कुणी बक्षीस जिंकल्यासारखा.

"नऊ किलो," कॅप्टन म्हणाला. "गवत ओलं आहे, मावशी. आज मी एक किलोही जास्त नेणार नाही."

"झोळ्या उतरवा," योकामे म्हणाली.

कुणीही हललं नाही. मग शेजारची मेताली पुढे झाली. "माझी नको काढू. माझ्या सासूने डोळे फोडून विणलीय. तिची काढ, वान्गोची. जुनीच आहे, धुऊन आणलीय."

"धुतलेली?" वान्गो म्हणाली. "तुझ्या झोळीत रताळी किडकी आहेत, ते सांग आधी."

"खिंड," कॅप्टन म्हणाला.

योकामेने सरळ विमानाच्या पायरीवर चढून गर्दीला सुनावलं, "बायांनो, ज्या झोळ्या राहतील त्या पुढच्या विमानाने जातील. पहिली कुणाची, ते चिठ्ठ्या टाकून ठरवू. पण पोरगी राहिली तर एकीचीही जाणार नाही, आणि मग सगळ्यांची रताळी मीच खाईन." सगळ्या झोळ्या भराभर उतरल्या. डेल्माची मान पुन्हा दिसायला लागली.

त्रेपन्न.

"चार राहिले," कॅप्टन म्हणाला. "हे कुठले?"

डेल्माने पोटावर हात ठेवला आणि आत्याकडे बघितलं. बोलली मात्र मेताली. "शेवटचा घास आत्याचा असतो ना. हिने पहाटे डुकराच्या चरबीचा हा एवढा तुकडा भरवला. वर अजून एक. वर अजून एक. मी दारात उभी होते."

सगळं गाव योकामेकडे बघायला लागलं. एकोणीस वर्षं ज्यांना तिने लटकवलं, ते सगळे. पाद्रीबाबा तर चष्मा पुसून पुन्हा घालून बघत होते.

पोटातलं उतरवता येत नाही. योकामेचे कान तापले. काल रेडिओवर तिने एकोणपन्नास सांगितलं होतं आणि आज तिच्याच हाताने तो आकडा खोटा केला होता. विमानात चढवलेल्या कॉफीच्या पोत्यांवर मालकांची नावं शिवलेली होती, वजनं कळवलेली. त्यातलं एक कमी केलं तर उद्यापासून तिच्या काट्यावर कोण विश्वास ठेवील?

"एकीचा आकडा चुकला," ती म्हणाली, "म्हणजे सगळ्यांचे पुन्हा बघायचे. चला, रांगेत."

"मला कशाला?" लाकेन कौन्सिलर म्हणाला. तो मुलाच्या सासरी डुक्कर घेऊन निघाला होता, आणि त्यासाठी खाणीतले जुने बूट चकाकवून घालून आला होता. "मी माणूस पदावरचा आहे."

"पदाचं वजन मी धरत नाही. बसा."

कौन्सिलर लटकला. कालच्यापेक्षा दोन किलो जास्त.

"मीपण जेवलोय रात्री," तो वरून म्हणाला. "पोर आमचीही आहे."

योकामेने त्याच्या पोटाकडे पाहिलंच नाही. पायांकडे पाहिलं. "काल अनवाणी आला होतात, दादा."

"काल चिखल होता."

"सहा झाले," कॅप्टन म्हणाला. "मावशी, तुम्ही कमी करताय की वाढवताय?"

"डुक्कर आणा."

डुक्कर विमानात घाण करू नये म्हणून काल दुपारपासून उपाशी बांधलेलं होतं. पाळण्यात चढताना त्याने एवढा आकांत मांडला की शाळेचे मास्तर वर्ग सोडून धावत आले. आणि भीतीने त्या बिचाऱ्याच्या पोटात जे काही उरलं होतं, तेही त्याने तिथेच सोडलं, बरंचसं कौन्सिलरच्या पँटवर. काल अडतीस होतं, आज चौतीस.

गावाने टाळ्या वाजवल्या. डुकराला इतका मान आयुष्यात कधी मिळाला नसेल.

"दोन राहिले," योकामे म्हणाली.

खिंडीत ढगाने एक पाय आत टाकला होता. कॅप्टन म्हणाला, "दोनच ना? बरं, बघू या. वाटेत इंधन…"

"आत्ताच म्हणालास, एकही नाही."

"मावशी, तुमचीच भाची आहे."

"म्हणूनच."

सगळ्यांच्या नजरा हळूहळू खाली वळल्या, बुटांवर. पुढे लोखंड बसवलेले, गुडघ्याखालपर्यंतचे.

"नाही," लाकेन म्हणाला. "व्याह्यांसमोर अनवाणी जाऊ? ते म्हणतील, पांगुतीचा कौन्सिलर भिकेला लागला."

तेव्हा डेल्मा पहिल्यांदा पुढे आली. "काका, तुम्ही आजारी पडाल ना, तेव्हा सुई मी टोचणार. हळू टोचायची की जोरात, ते आज ठरवा."

लाकेनने तिच्याकडे बघितलं, ढगाकडे बघितलं आणि पँटकडे बघितलं. मग गवतावर बसला आणि नाड्या सोडायला लागला. "तसेही या पँटला शोभले नसते," तो म्हणाला. पुन्हा पाळण्यात बसला. कालचाच आकडा.

दार लागलं. विमान थरथरलं, सुटलं आणि उतारावरून खडखडत, उसळत निघालं. ओल्या गवताचं पाणी दोन्हीकडे उडालं. योकामेबरोबर सगळं गाव पट्टीच्या कडेने धावत सुटलं, काही बायका झोळ्यांसकट. धावता धावता पाद्रीबाबा मोठ्याने आकडे मोजत होते, का ते कुणालाच कळलं नाही. गवत संपलं. विमान कडेवरून खाली गेलं आणि दिसेनासं झालं.

फक्त घरघर. योकामेने दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं होतं.

मग घळीच्या पलीकडून ते वर आलं, पांढरं, तिरकं, आणि ढगाच्या फटीतून खिंड पार करून गेलं. मेतालीने वान्गोला मिठी मारली. मास्तर गवतात लोळले.

छपराखाली रेडिओ खरखरत होता. शहरातली रेडिओवाली विचारत होती, "पांगुती, आकडे कालचेच ना?"

योकामेला धाप लागली होती. "कालचे खोडून टाक, बाई. नवे लिही. लाकेन, तेवढाच. डुक्कर, चौतीस. डेल्मा, त्रेपन्न."

"एका रात्रीत चार किलो? पांगुतीकडून कधी चूक होत नाही. कुणाची चूक म्हणून लिहू?"

"माझी लिही," योकामे म्हणाली. "आणि चारच्या आत तिला शाळेच्या दारात कोण सोडतंय ते सांग. तिला खायला घालू नका म्हणावं, पोट भरलेलं आहे."