घाबरट गायकवाड बाई

गायकवाड बाई कुठेही गेल्या की आधी बाहेर पडायची वाट पाहून ठेवत. सिनेमाला गेलो तर दाराजवळची खुर्ची, लग्नाच्या मांडवात कनातीच्या फटीशेजारची जागा. नाशिक रोडच्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी तिथे चित्रकलेची शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्टाफरूममधला पंखा दाखवला. "त्याच्याखाली बसू नकोस, कुंदा. आवाज करतो तो." पंखा पुढे कित्येक वर्षं पडला नाही. बाईही त्याच्याखाली कधी बसल्या नाहीत.

अशा बाई थंडीतल्या रविवारी पाण्यात होडी घालतात, हे ऐकून मला कुणीतरी चेष्टा करतंय असं वाटलं. पण ते खरं होतं. देवळाली कॅम्पात नोकरीला असलेल्या त्यांच्या भावाने तिथल्या लिलावातून ताडपत्रीची एक होडी आणली होती. तो तिला कयाक म्हणे. लांबट, निमुळती, जेमतेम दोन माणसांची. पाय पुढे पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं आळीपाळीने दोन्ही बाजूंना मारायचं. भावाने बाईंना ती चालवायला शिकवलं आणि त्याची बदली झाली. तेव्हापासून निफाडच्या पुढे, गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागे पसरलेल्या पाण्यात बाई शाळेतल्या एकेकाला पक्षी दाखवायला नेत. निघण्याआधी बजावत, "मी घाबरट आहे. म्हणूनच माझ्या होडीत बसायचं. न घाबरणाऱ्याच्या होडीत कधी बसू नकोस."

माझी पाळी आली त्या सकाळी धुकं होतं. होडी ज्यांच्या गोठ्यात ठेवलेली असे ते रामदादा म्हणाले, "बाई, आज कालव्याला पाणी सोडणार हायेत म्हणं."

"कधी?"

"सांजच्याला."

"नक्की सांजच्याला?"

"आवो, पाणी सोडणारा पाटकरीच बोलला मला."

बाईंनी तरी पुन्हा विचारलं. मग माझ्या कमरेला स्कूटरची फुगवलेली ट्यूब बांधली, गाठ ओढून पाहिली, स्वतःच्या ट्यूबची गाठ मला ओढायला लावली आणि म्हणाल्या, "दहाच्या आत परत. काहीही दिसो."

मी पुढे बसले, बाई मागे. पाणी माझ्या कोपराला लागेल इतकं जवळ होतं आणि ताडपत्रीखाली ते हलताना पायांना जाणवत होतं. माझं वल्हं मांडीवर आडवं ठेवून मी दोन्ही हातांनी कड घट्ट धरून बसले होते. बाई हलक्या आवाजात एकेक दाखवत होत्या. पाणकणसांच्या बेटाशेजारी निळ्या-जांभळ्या पाणकोंबड्या लांब बोटं टाकत चालत होत्या. चक्रवाकांची जोडी आमच्याकडे मान करून बघत होती. वरून एक ससाणा खाली झुकला आणि शेकडो बदकं एकदम उठली. त्या पंखांच्या आवाजाने मी कड आणखी घट्ट आवळली. "श्वास घे," बाई मागून म्हणाल्या, "मीही घेतेय."

मग मला पाणमांजरं दिसली. तीन ओली डोकी वर आली, एकाच्या तोंडात मासा. माझी भीती क्षणात गेली. "बाई, जरा पुढे घ्या ना, जरासं!"

बाईंचं वल्हं थांबलं होतं. "कुंदा, ते गवत बघ."

पाण्यावर तुटलेल्या गवताचे पुंजके तरंगत होते. मघाशी ते जागच्या जागी डुलत होते. आता सगळे एकाच दिशेने, बंधाऱ्याच्या दारांकडे निघाले होते. आणि त्यांच्याबरोबर आम्हीही.

"पाणी सोडलं," बाई म्हणाल्या. आवाज चिरकला होता. "उजवीकडे मार. जोरात. कणसांत घुसायचं."

"काठाकडे जाऊ या ना!"

"काठ लांब आहे. पोचणार नाही. मार!"

मला वल्हं नीट धरताही येत नव्हतं. होडी आडवी झाली, पाणी आत आलं. लांबून दारांचा घोंघाट ऐकू येऊ लागला होता. बाईंनी मागून असा काही रेटा दिला की होडीचं नाक पाणकणसांत शिरलं. "धर!" मी कणसांच्या पात्यांचा जुडगा धरला. होडीचं शेपूट प्रवाहाने ओढलं जात होतं, हात खांद्यातून निखळतील असं वाटत होतं. तेवढ्यात मागून हुंदका ऐकू आला. बाई रडत होत्या.

"बाई, रडू नका ना," मी जवळजवळ ओरडलेच.

"का? रडण्याने होडी बुडत नाही. हात सोडू नकोस. आता पुढचा जुडगा धर. मी मागचा धरलाय."

अशा आम्ही सरकलो. दुसरा जुडगा हातात येईपर्यंत पहिला सोडायचा नाही. पात्यांनी तळहात कापले गेले. बाई रडत होत्या आणि रडता रडता काय करायचं ते सांगत होत्या. कणसांचं बेट जिथे काठाला टेकलं होतं तिथे रामदादा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांनी होडीचं नाक धरलं. "माझं चुकलं बाई. मी इचारलं व्हतं वो त्याला."

बाई चिखलात बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चहा टाका, रामदादा. कुंदाच्या हातांतून रक्त येतंय." त्यांच्या स्वतःच्या हातांतून त्याहून जास्त येत होतं.

ही हकिगत शाळेत पोचली. स्टाफरूममध्ये कुणीतरी "रडक्या नावाडीणबाई" म्हटलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "रडले ना. खूप रडले."  पुढचे दोन रविवार त्या घरी राहिल्या. तिसऱ्या रविवारी पाटकऱ्याला स्वतः भेटून पुन्हा पाण्यात गेल्या. मलाही विचारलं. मी नाही म्हटलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात हो म्हटलं.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा बाईंच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनआधी डॉक्टर समजावत होते. भाऊ मध्येच म्हणाला, "ताई, घाबरू नकोस."

"मी घाबरणार," बाई म्हणाल्या. "डॉक्टर, तुम्ही पुढचं सांगा." डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांनी भूल कुणी द्यायची इथपासून सगळं विचारून घेतलं. डॉक्टर वैतागले तेव्हा तेच पुन्हा विचारलं.

त्या ऑपरेशनमधून बाई उठल्या नाहीत.

ट्रॉली आत नेण्याआधी त्यांनी माझं मनगट धरलं होतं. गार बोटं, घट्ट पकड. "कुंदा, तुला भीती वाटतेय?"

बाहेर सगळ्यांनी मला सांगितलं होतं, त्यांच्यासमोर हसतमुख राहा. मी म्हटलं, "हो बाई. खूप."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "सकाळपासून मला वाटत होतं, मी इथे एकटीच आहे."