शंभराच्या पुढच्या पोरी

कॉम्प्युटर कधी चुकत नाही, असं कुणी म्हटलं की मला त्याच्या तोंडावर हसावंसं वाटतं. हसत नाही, कारण असं म्हणणारा बहुधा माझा साहेब असतो आणि मी पडलो तालुक्याच्या कचेरीतला कंत्राटी ऑपरेटर. पण त्या हिवाळ्यात एका हायस्कुलातल्या झाडून साऱ्या पोरी कॉम्प्युटरने गायब केल्या होत्या, आणि त्याला ते मी शिकवलं होतं. तेव्हा या विषयावर बोलायचा अधिकार मला आहे.

झालं असं. खेड्यापाड्यांतून मुलींना शाळेत आणणारी निळी बस कुठे सोडायची नि कुठे नाही, हे पूर्वी डेपोतला माणूस आणि हेडमास्तर चहा पिता पिता ठरवायचे. बरं ठरवायचे. मग वरून हुकूम आला की आता हे स्क्रीन ठरवेल. शाळांच्या याद्या मुंबईकडच्या कुठल्याशा सर्व्हरवर होत्या. त्या तिथून ओढून आमच्या पोर्टलवर दाखवायच्या. याला एपीआय म्हणतात. भानगड काही मोठी नाही, कचेरीची खिडकीच ती. इकडून चिठ्ठी सरकवायची, ‘अमुक शाळेची यादी द्या’, तिकडून यादी येते.

हे शिकवायला नागपूरहून एक सल्लागार आले. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो, म्हणजे आरशात बघितल्यावर स्वतःची ओळख पटावी. दोन दिवस त्यांनी ‘डेटा म्हणजे सोनं’ एवढं एकच वाक्य वेगवेगळ्या भिंतींवर दाखवलं, मोहाच्या लाडवांचा डबा घेतला आणि गेले. काम माझ्या गळ्यात. मी जोडलं. कचेरीशेजारच्या दोन लहान शाळांचे आकडे ताडून बघितले, बरोबर निघाले. साहेबांनी मॉनिटरसमोर नारळ फोडला. पाणी कीबोर्डवर उडालं. त्यातलं एक बटण अजून चिकटतं, आणि त्या सगळ्या समारंभाची तेवढीच एक खूण उरली आहे.

पंधरा दिवसांनी माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात.

“काऊन रे, बस काऊन बंद केली तुमी?”

“कोणती बस?”

“पोरीची. चार दिवस झाले, येतच नाई. पोट्ट्या पायी जाऊन राह्यल्या.”

बाईच्या गावापासून हायस्कूल नऊ किलोमीटर, त्यातलं निम्मं जंगल. दिवाळीनंतर त्याच वाटेवर वाघाने चरायला सोडलेला गोऱ्हा नेला होता. माझी भाची नववीत. अभ्यासात तिखट, जिभेने त्याहून तिखट. बाईने तिथेच सांगून टाकलं, “चार रोज पाह्यतो. बस नाई तं शाळा नाई. मुकादमाले नाव देतो तिचं, मिरची तोडाले जाईन माह्यासंग.”

मिरची तोडायला म्हणजे तेलंगणात. संक्रांतीला गाडीत बसायचं, ते शेतातल्या पालातून चैत्रातच परत. गेलेल्या पोरी येतात, पण शाळेत परत जात नाहीत. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी डेपोत गेलो. तिथल्या भाऊंनी कागद पुढे केला. “तुमच्याच हापिसचा हाय ना?” कागदावर लिहिलं होतं : ‘सदर विद्यालयातील मुलींची संख्या शून्य असल्याने बसफेरी अनावश्यक.’

शून्य! एवढं मोठं हायस्कूल आणि मुलगी एकही नाही? कागदावर पाच सह्या होत्या. पाचही जणांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही की, अरे बाबा, हे कसं शक्य आहे? त्यातल्या चौघांना मुली आहेत. एकाची तर त्याच शाळेतून दहावी झालेली. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं म्हणतात, पण इथे तर दळणाऱ्याला डोळे होते, चष्मासुद्धा होता.

साहेबांपुढे उभा राहिलो.

“साहेब, तिथे माझी भाची शिकते.”

“पोर्टलवर दिसते का?”

“पोर्टलवर नाही, पण—”

“मग?”

हे ‘मग’ मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी ते चहात पाव बुडवता बुडवता म्हटलं होतं.

रविवारी बाईच्या गावी गेलो. चूक सापडली नव्हती, नुसताच तोंड पाडून ओट्यावर बसलो. भाची धान पाखडत होती. मी तिला सगळं सांगितलं, स्क्रीन, सर्व्हर, शून्य. तिने सूप खाली ठेवलं आणि हसायलाच लागली.

“मामा, आमची हजेरी हेडमास्तर घेते, ते बी असेच. हजेरीत आंधी पोट्टे, मंग पोट्ट्या. पह्यलं पान पोरायनंच भरते. सराले फोन आला का ते पान पलटवतच नाई, हजेरी झाली म्हणते. आमी आपल्या बसून राह्यतो.”

बाप्पा! धावत परत आलो, सोमवारी कचेरी उघडायच्या आधी दारात हजर. सर्व्हरचं उत्तर पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. तो एका वेळी शंभरच नावं देत होता, आणि खाली चक्क लिहीत होता की पुढचं पान आहे, हवं तर मागा. मी कधी मागितलंच नव्हतं. नावं यायची हजेरीच्या क्रमाने, म्हणजे आधी शाळेतले सगळे मुलगे, मग मुली. आमच्या तालुक्यात पुरे शंभर मुलगे असलेलं हायस्कूल ते एकच. तिथे मुलांनीच पान भरलं, पोरी राहिल्या मागच्या पानावर. लहान शाळांत सगळे एकाच पानात मावत होते, म्हणून माझी तपासणी झकास उतरली होती. लोकांना नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण त्या सकाळी मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. पान संपलं की पुढचं माग, एवढंच सांगायचं होतं. सांगितलं, आणि एकामागून एक पोरी स्क्रीनवर आल्या. तिसऱ्या ओळीत माझी भाची.

साहेबांना दाखवलं. ते माझ्यावरच खवळले.

“या अचानक कुठून आल्या?”

“होत्याच, साहेब. आपण पान उलटलं नव्हतं.”

“पण अहवाल वर गेला ना! आता शून्याच्या इतक्या झाल्या म्हटल्यावर विचारणा होणार. तुझ्या नोकरीचं बघ, माझंही बघ. पुढच्या आढाव्यात हळूच घेऊ.”

हळूच! पोरी जंगलातून चालत होत्या आणि हे हळूच घेणार होते. मी अर्ज दिले, डेपोत हात जोडले, हेडमास्तरांकडून पत्र आणलं. हेडमास्तरांनी पत्रात स्वतःची शाळा किती आदर्श आहे याचं पानभर वर्णन केलं आणि बसचा उल्लेख विसरले. दुसरं पत्र आणलं. तोवर संक्रांत आली. मुकादमाची गाडी पारावर लागली, आणि बाई पोरीला घेऊन गेली. जाताना भाचीने मला फोन केला नाही. मी केला तर उचलला नाही. आढावा मार्चात झाला. बैल गेला अन् झोपा केला, त्यातली गत. बस सुरू झाली तेव्हा साहेबांनी तिच्या टपाला हार घालून फोटो काढून घेतला.

चैत्रात दोघी परतल्या. भाची काळवंडलेली, बोटांची सालं निघालेली, ओढणीला मिरचीचा तिखट वास असा की ती खोलीत शिरताच मला ठसका लागला. मी तिला मुद्दाम कचेरीत बोलावलं होतं. तुझं नाव आता दिसतं, एवढं तरी दाखवावं, माफी मागावी, असं मनात होतं. शाळेची यादी उघडली, दुसरं पान, तिसरी ओळ.

“हे बघ.”

तिने नाव वाचलं. मग नावापुढचा हजेरीचा रकाना वाचायला लागली, बोट ठेवून. जानेवारी हजर. फेब्रुवारी हजर. मार्च, एकही खाडा नाही.

“मामा, मी तं तेवढे दिवस मिरचीत होती.”

माझं डोकंच फिरलं. हेडमास्तर काय करत होते ते मला न विचारता कळलं. पोरी गैरहजर लिहिल्या तर वरून विचारणा येते, हजर लिहिल्या तर येत नाही. लिहिलं हजर! फोन आला की पान न उलटणारा माणूस, पण इथे मात्र रोज न चुकता पान उलटत होता. “थांब, दाखवतोच त्यांना,” म्हणत मी पानाच्या कोपऱ्यातल्या ‘त्रुटी कळवा’ या बटणाकडे हात नेला.

भाचीने माझं मनगट धरलं. सोललेल्या बोटांची पकड घट्ट होती.

“राहू दे.”

“अगं, खोटं आहे ते सगळं.”

“अन् शून्य होतं ते खरं होतं काय?”

मी हात मागे घेतला.

“हजेरी पुरी हाय म्हणजे परीक्षेले बसू देतीन ना?” तिने विचारलं.

“बसू द्यावंच लागेल.”

“मंग हात नको लावू त्याले.” तिने ओढणीने नाक पुसलं आणि उठली. “परीक्षा सोमवारी हाय. बस कितीले येते?”

“सकाळची शाळा आहे आता. साडेसहाला.”

“गणिताचं पुस्तक आन मले तोवर. माह्यं पालात उंदरानं खाल्लं.”