बाबांचा कान आणि पडवीतली सायकल

निर्मळ गावातल्या आमच्या घरी भावाने बाबांच्या सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या खिशात टाकली. मागून आलेल्या रिक्षाचा हॉर्न बाबांना ऐकू आला नव्हता. ते थोडक्यात वाचले, पण केळीच्या पानात बांधलेला आमच्या वाडीतला सोनचाफा रस्ताभर पांगला.

"वय झालं आता. सायकल बंद," भाऊ म्हणाला.

मी रजा टाकून माणिकपूरहून धावत आले, तर बाबा पडवीत सायकलशेजारी बसलेले. फुलं घेऊन वसईच्या बाजाराला जाणं हाच त्यांचा दिवस. ते बंद झालं तर हा माणूस खचेल, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"कानात कुणी बघितलं का आधी?" मी विचारलं. कुणीच बघितलं नव्हतं. मग मीही हट्टाला पेटले.

फुलं विकली जाईपर्यंत सायकलची किल्ली कानात फिरवत बसायची, ही बाबांची जुनी सवय. डोळे मिटून अशी तंद्री लागायची की गिऱ्हाईक ताटकळायचं. आता किल्ली गेल्यावर त्यांनी खराट्याची काडी धरली होती. वहिनी लसूण घालून खोबरेल गरम करायला निघाली, तिलाही मी अडवलं. पडदा शाबूत आहे की नाही हे न बघता कानात काही ओतायचं नाही म्हणजे नाही.

कानाच्या डॉक्टरांनी उजेड टाकून दोन्ही कान तपासले. "मळ आपला आपण बाहेर येत असतो. तुम्ही तो आत ठासलात," ते बाबांना ओरडून म्हणाले. त्यांनी मळ मऊ करायचे थेंब दिले. थेंबांनी मळ फुगतो, म्हणून सुरुवातीला आणखी कमी ऐकू येईल, हेही सांगितलं.

झालंही तसंच. बाबांना काहीच ऐकू येईना.

"होतं तेवढंही घालवलंस," भाऊ म्हणाला. मला रडूच आलं. पण माघार घेतली असती तर सायकल कायमची गेली असती. मी रजा वाढवली, खराटा माळ्यावर फेकला आणि बाबांना कुशीवर झोपवून थेंब घालत राहिले. ते लहान मुलासारखे कुरकुरायचे, मी दटावायचे.

पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरांनी कोमट पाण्याची हलकी धार कानात सोडली. चिंचोक्याएवढा काळा गोळा भांड्यात पडला. दुसऱ्या कानातूनही तसाच निघाला. बाबा दचकून वर बघायला लागले.

"पंखा किती वाजतो गो!"

मी दवाखान्यातच मोठ्याने हसले.

घरी भावाने त्यांच्या पाठीमागे उभं राहून हळूच विचारलं, "बाबा, चहा घेणार?" "अर्धा कप," बाबा मागे न वळता म्हणाले. भावाने खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

बाबा लगेच उठले नाहीत. "सायकल काढून घेतलीस त्याचा राग नव्हता रे," ते म्हणाले. "पण माझ्यासमोर बसून तुम्ही सगळे नुसते ओठ हलवायचात. मला वाटलं, वाडी विकायचं ठरवताय आणि मला कळू नये म्हणून हळू बोलताय."