‘येते’ म्हणजे राजीनामा नव्हे

“‘आय विल कम’ असं म्हणून खोलीबाहेर कोण जातं?” कंपनीच्या बॅरिस्टरने विचारलं. त्याच्या शेजारी बसलेला मॅनेजर डेक्लन गालातल्या गालात हसला.

“मी जाते,” माझी क्लायंट मृणाल म्हणाली. “आमच्या भाषेत तसंच म्हणतात.”

“पण तुम्ही तुमच्या भाषेत बोलत नव्हता. इंग्रजीत बोलत होता ना?”

मृणालने मान खाली घातली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निघताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, हे मृणालला तिच्या आईने शिकवलं, मला माझ्या आईने. पण मी तिची वकील होते आणि वकिलाला स्वतःच्या केसमध्ये साक्ष देता येत नाही. प्रश्न तेवढे विचारता येतात.

मी डब्लिनमध्ये सॉलिसिटर आहे. नोकरीवरून झालेली भांडणं हे माझं रोजचं काम. त्या दिवशी सुनावणी कॉर्कला होती. अशी सुनावणी कोर्टात होत नाही, एका सरकारी इमारतीतल्या मीटिंग रूममध्ये होते. निकाल देणाऱ्याला अ‍ॅड्ज्युडिकेटर म्हणतात. काम न्यायाधीशाचंच, फक्त झगा नसतो. आमच्या अ‍ॅड्ज्युडिकेटर एक वयस्क बाई होत्या. कमी बोलायच्या आणि सगळं लिहून घ्यायच्या.

मृणाल नागपूरची. कॉर्कला मास्टर्स करून तिथेच एका फार्मा कंपनीच्या लॅबमध्ये लागली. अशा लॅबमध्ये एकाने टेस्ट करायची, दुसऱ्याने ती डोळ्यांनी पाहायची आणि मग खाली सही करायची असा नियम असतो. एका दुपारी मॅनेजर डेक्लनने तिच्यापुढे एका टेस्टचा कागद सहीसाठी सरकवला. ती तिने पाहिलेली नव्हती.

“मी हे पाहिलं नाही. मी सही करणार नाही,” ती म्हणाली.

“मग तुझं इथे काम काय?” डेक्लन सगळ्यांसमोर ओरडला.

रडू येईल म्हणून ती म्हणाली, “ओके, आय विल कम,” आणि बाहेर पडली. कार पार्कमध्ये गाडीत बसून ती पाणी प्यायली, तिने डोळे पुसले आणि ती परत आली. तोवर तिचं कार्ड दारावर चालेनासं झालं होतं. फोनवर कंपनीची ईमेल आली होती: तुमचा तोंडी राजीनामा आम्ही स्वीकारला आहे, पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. मी शुभेच्छांची ती ओळ आजही विसरलेले नाही. नोकरी हिसकावून घ्यायची आणि वर शुभेच्छा द्यायच्या.

यात मेख अशी की काढून टाकलं तर कंपनीला कारण द्यावं लागतं, चौकशी करावी लागते. राजीनामा म्हटला की काहीच लागत नाही. शिवाय कामगार म्हणतो काढलं आणि कंपनी म्हणते स्वतःच गेला, असा वाद असेल, तर काढलं हे आधी कामगाराने सिद्ध करायचं. म्हणून मृणालची साक्ष पहिली झाली होती. आयर्लंडमध्ये काम करायचं तिचं परमिट या नोकरीला बांधलेलं होतं. दुसरी नोकरी शोधायची मुदत संपत आली होती आणि जिथे जाईल तिथे जुनी कंपनी सांगत होती, भर शिफ्टमध्ये निघून गेली. औषधांच्या धंद्यात अशा माणसाला कुणी दारात उभं करत नाही. ही सुनावणी हरली असती तर तिला देश सोडावा लागणार होता.

मधल्या सुट्टीत ती कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती, संतापली होती.

“ताई, तो हसला ते पाहिलंत तुम्ही? आता म्हणतोय, मला कळलंच नाही. रोज माझी नक्कल करायचा तो.”

“कसली नक्कल?”

“हीच. मी संध्याकाळी निघताना ‘आय विल कम’ म्हणायचे. सवयच आहे हो, तोंडातून जातंच. मग तोही घरी जाताना तसंच म्हणायचा. सगळी लॅब हसायची.”

“हे तू मला आधी का सांगितलं नाहीस?”

“लाज वाटली.”

सुट्टीनंतर डेक्लन साक्षीला बसला. त्याने शपथ घेतली आणि साळसूदपणे सांगितलं की ती तडकाफडकी निघून गेली, ती परत येईल असं मानायला काहीच कारण नव्हतं. मग माझी उलटतपासणी सुरू झाली. आवाज चढवायची फार इच्छा होती. मी चेहरा हसरा ठेवला.

“तुमच्या टीममधलं वातावरण कसं होतं? मोकळं होतं का?”

“अगदी. आमच्याकडे भरपूर क्रॅक असतो,” तो म्हणाला. इकडे थट्टामस्करीला क्रॅक म्हणतात.

“मृणालशी पण?”

“शुअर. ती आमच्यातलीच होती.”

“तिच्या ‘आय विल कम’वरून थट्टा व्हायची?”

तो खुलला. “हो, हो. रोज निघताना म्हणायची. आता अर्धी लॅब घरी जाताना तेच म्हणते. प्रेमानेच हां.”

“आणि असं म्हणून गेल्यावर दुसऱ्या दिवशी ती कामावर यायची?”

“यायची की.”

“प्रत्येक वेळी?”

आता त्याच्या लक्षात आलं. त्याने बॅरिस्टरकडे पाहिलं. बॅरिस्टर पाण्याचा ग्लास न्याहाळत होता.

“त्या दिवशी दारातून जाताना ती काय म्हणाली?” मी विचारलं.

तो टाय सरळ करू लागला. अ‍ॅड्ज्युडिकेटरबाईंनी पेन थांबवलं. “उत्तर द्या, प्लीज,” त्या म्हणाल्या.

“तेच,” डेक्लन म्हणाला. “आय विल कम.”

“आणखी प्रश्न नाहीत,” मी म्हटलं आणि बसले. चिडवायला या माणसाला मराठी कळत होतं आणि शपथेवर तेवढं कळेनासं झालं होतं.

निकाल आमच्या बाजूने लागला. हा राजीनामा नव्हता, तिला काढलं आणि ते बेकायदा होतं, तिला पुन्हा कामावर घ्यावं. असा आदेश क्वचित मिळतो, बहुतेकांना भरपाईवर भागवावं लागतं. परमिट वाचलं. माफी कुणी मागितली नाही. कायदा नोकरी परत देववतो, माफी मागायला लावत नाही. आणि याचा मला अजूनही राग येतो.

मृणाल त्याच लॅबमध्ये, त्याच डेक्लनच्या नाकासमोर, डोकं वर करून काम करत राहिली. न पाहिलेल्या टेस्टवर तिने एकदाही सही केली नाही. दुसरीकडे चांगली नोकरी आणि नवं परमिट हातात आल्यावर तिने राजीनामा दिला, लेखी. शेवटच्या दिवशी कार पार्कमधून तिचा मला फोन आला.

“झालं, ताई. निघाले.”

“डेक्लनला काय म्हणालीस?”

“आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, ताई,” ती म्हणाली. “जाते.”