चुन्याचा दात

शगुफ्तानं गिअरबॉक्सचं जुनं तेल मलमलच्या ओढणीतून गाळलं. ओढणीवर पिवळी चमक उरली. तिनं ती उन्हात धरली.

"पितळ," ती म्हणाली. "अडणाऱ्या तिसऱ्या गिअरची रिंग गेली. पोलादाचा चुरा नाही. म्हणजे दात शाबूत आहेत."

गिअरबॉक्स तिनं अजून खोललाही नव्हता. मी बघतच राहिले.

कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. दुसऱ्या वर्षी ती वडिलांच्या, जमालचाचांच्या गॅरेजात आली. मी मराठी घेऊन पदवी पूर्ण केली. गॅरेज लोधिवलीत, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून. जमालचाचांनी तिथं तीस वर्षं ट्रकचे गिअरबॉक्स बांधले. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ते चालू गिअरबॉक्सला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगायचे. मग कान गेले. आधी डावा, मग उजवा.

टायरवाल्या लडकूशेठनं जागा मागितली. चाचा हो म्हणायच्या बेतात होते.

"गॅरेज मी चालवते," शगुफ्ता म्हणाली.

"ब्रेक, ऑइल तू करतेस. गिअरबॉक्स येगळा," चाचा ओरडून म्हणाले. ऐकू येईनासं झाल्यापासून ते ओरडूनच बोलतात. "एक बांधून दाखव. परत आला तर शटर लडकूचं."

तो एक म्हणजे हा.

गाडी पोशीरच्या स्वप्नीलची होती. त्यांची भातशेती भाऊ बघतो, हा गाडी बघतो. लाल, जपानी, दोन सीटची स्पोर्ट्‌स कार. लग्नसराईत ती वरातीला जाते, एरवी शूटिंगला. उरलेल्या दिवशी तो ती घाटात पळवतो. तो मोबाइलमध्ये यादीच घेऊन आला.

"ताई, सगळं रेसिंगचं टाकायचं. सरळ दातांचे गिअर, रेसिंगचा क्लच. व्हिडिओत बघितलं, लय दम हाय."

"सरळ दातांचा गिअर किंचाळतो. पूर्ण वेळ."

"स्पोर्ट्‌स कार हाय. ओरडणारच."

"आणि या क्लचला दोनच गोष्टी कळतात. धरला, नाहीतर सुटला. मधलं काही नाही. वरातीत गाडी बेंजोमागं माणसाच्या चालीनं जाते ना?"

"जाते."

"मग नवरदेव दर पावलाला डोकं आपटून घेईल. मुंडावळ्या तुटून हातात येतील."

मी हसले. स्वप्नील नाही हसला.

"तिसरा कधी अडतो?" तिनं विचारलं.

"उताराला. चौथ्यावरनं तिसऱ्यात आणताना. खर्रकन वाजतो."

"आजार तिथं आहे, तर औषध तिथंच. पण तिथं साधं नाही, भारी टाकते. याच गाडीच्या पुढच्या वर्षांत कंपनीनं तिसऱ्याला एका रिंगच्या जागी तीन रिंगांचा जोड दिलाय. तो घालू. क्लचची प्लेट रस्त्याचीच, नवी. बाकी तुझी यादी पुसून टाक."

"पुसू कशाला? राहूदे."

"राहूदे. मोबाइलमध्येच राहूदे."

तिनं गिअरबॉक्स खोलला. गिअर पडताना वेग जुळवणारी पितळी रिंग गुळगुळीत झाली होती. रिंग ज्याच्यावर घासते तो गिअरचा निमुळता भागही झिजला होता. म्हणजे तिसरा गिअरच बदलायला हवा. ही गाडी दोन तऱ्हेच्या तिसऱ्या गिअरनं विकली गेली होती, एकतीस दातांच्या किंवा बत्तीस दातांच्या. तेव्हा दात मोजायचे.

चाचांची मोजायची रीत जुनी. तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घ्यायचा, एका दाताला लावायचा आणि तिथून सुरुवात करायची. शगुफ्ताचे हात तेलात होते. तिनं चुना लावून गिअर फिरवत नेला. मी मोजलं.

"बत्तीस," मी म्हणाले.

तिनं दुकानदाराला फोन केला. बुधवारी खोकं आलं.

आलेली वस्तू बसवायच्या आधी ती पुन्हा तपासते. नवा गिअर मोजला. बत्तीस. मग जुना हातात घेतला. ओठ हलवत मोजला. थांबली. परत मोजला.

"सुरे, चुन्याचा दात तू किती वेळा मोजलास?"

मी चुन्यापासून निघाले होते आणि चुन्यापाशी येऊन थांबले होते. तोच दात सुरुवातीलाही मोजला होता आणि शेवटीही.

तिनं स्वप्नीलला बोलावून घेतलं. म्हणाली, "चुकीचा गिअर आलाय. चूक माझी. मी स्वतः मोजायला हवं होतं."

"एका दातानं काय बिघडतंय? बसतोय ना?"

"ठोकून बसेल."

"मग ठोक. रविवारी नेरळला वरात हाय. वरातीत तिसरा लागतोय कुठं?"

"वरातीत नाही लागत. सोमवारी घाटात लागेल. तेव्हा दात तुटून बाकीचे गिअर खाईल."

"तुज्याच्यानं होत नसंल तर तसं सांग. पुण्याला नेतो."

"ने. पोत्यात भरून देते. पण चुकीचा दात माझ्या हातून बसणार नाही."

स्वप्नीलनं चाचांकडे बघितलं. चाचा स्टुलावर तंबाखू मळत होते. त्यांना शब्द कळले नसतील, तोंडं कळली असणार.

"शनिवार," स्वप्नील म्हणाला. "त्याच्या म्होरं एक दिस नाय."

गुरुवारी सकाळी ती गावातल्या वाघ्याच्या भाजीच्या टेंपोत बसून कुर्ल्याला गेली. जुना गिअर फडक्यात बांधून मांडीवर घेतला होता. मी येते म्हणाले. "तू नको," ती म्हणाली आणि हसली. चूक कळल्यापासून पहिल्यांदा. जुन्या पार्टांच्या बाजारात तिनं अकरा दुकानं पालथी घातली. बाराव्यात एकतीस दातांचा मिळाला. तो तिनं दुकानाच्या पायरीवर बसून दोनदा मोजला. तिसऱ्यांदा दुकानदाराकडून मोजून घेतला.

शुक्रवारी तिनं नव्या रिंगा गिअरवर दाबून मधली फट पातळ पट्ट्यांनी मापली. एकदा नाही, चार बाजूंनी. शनिवारी दुपारी गाडी जमिनीवर आली.

"चालवून कुठवर बघायची?" स्वप्नीलनं विचारलं.

"दस्तुरी."

माथेरानात गाड्यांना बंदी आहे. रस्ता दस्तुरी नाक्याला संपतो. सीट दोनच. शगुफ्ता चालवायला बसली. शेजारी स्वप्नील बसणार, तेवढ्यात चाचांनी त्याला दंडाला धरून बाजूला केलं आणि स्वतः आत शिरले. स्वप्नील माझ्या स्कूटरवर मागं बसला. कर्जतपर्यंत लाल गाडी दिसत होती. मग दिसेना.

"बंद पडली असंल का गं?" तो तीनदा म्हणाला.

नेरळला स्कूटर ठेवून आम्ही टॅक्सीनं वर गेलो. नाक्यावर घोडेवाले गाडीभोवती जमले होते. चाचा हळूहळू उतरले.

"काय चाचा?" स्वप्नील ओरडला.

चाचांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. उजवा तळहात पुढं केला. पूर्ण वाटभर तो त्यांनी गिअरच्या दांड्याच्या बुडाशी टेकवून ठेवला होता, असं मला शगुफ्तानं नंतर सांगितलं.

"दुसरा कळला," ते म्हणाले. "चौथा कळला. मुद्दाम घाटात मागं वळून उतारावर दहादा टाकायला लावला. तिसरा कधी पडला, कळलंच नाय."

मग त्यांनी खिशातून फोन काढला.

"लडकूशेठ, तू काय बोलशील ते मला ऐकू येणार नाय, म्हणून मीच सांगतो. शटर मिळणार नाय. तिथं गिअरबॉक्सवाली बसते."

एक घोडा दचकला. घोडेवाले हसले.

शगुफ्ता तिथं नव्हतीच. ती गाडीखाली आडवी झाली होती. तेल गळतंय का ते बघायला तिनं ओढणी गिअरबॉक्सच्या तळाशी फिरवली.

ओढणी कोरडी निघाली.